सिक्वेल आमच्या आठवणीवर, पडदा मात्र नागपुरात

ऑगस्ट २०२५ चा पहिला आठवडा. आमच्या बांध्यांमधली धानाची रोवणी आटोपत आली होती, चिखलाने खाल्लेली पायाची बोटं अजून भरायची होती, आणि भाच्याने हट्ट धरला. "मामाजी, सन ऑफ सरदारचा दुसरा भाग लागला जी. मोबाईलवर नाई, मोठ्या पडद्यावर पाहाचा आहे मले."

माझं गाव वैनगंगेच्या अलीकडे, ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्या मधल्या धानाच्या पट्ट्यात. नागपूर शंभर किलोमीटरच्या वर. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी लाइन रुंदीकरणासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हापासून भिस्त एसटीवर. सकाळी सहाला निघालो, अकराचा खेळ पाहिला आणि दिवस मावळायच्या आत परत येण्यासाठी धावतपळत गाडी धरली. धावपळ उगाच नव्हती. आमच्या भागात रात्री दुचाकीवरून गावाचा रस्ता धरणं म्हणजे वाघाच्या वाटेत जाणं. दरवर्षी माणसं जातात. तिकिटं, एसटी, खाणं असे दोघांचे मिळून अकराशे रुपये लागले. रोवणीला जाणाऱ्या बाईच्या मजुरीत मोजलं तर जवळपास चार दिवस वाकून काम.

सिनेमा मला फारसा आवडला नाही. भाच्याला आवडला. पण परतीच्या गाडीत तो जे बोलला ते माझ्या मनातून जात नाही. "मामाजी, हासू आलं, पण कोणी ओळखीचं नव्हतं बाजूले." तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे, आणि तो एका सिनेमापुरता राहिलेला नाही. ताऱ्यांची जत्रा भरवणारे, मारामारी आणि विनोद एकत्र कालवणारे हे दुसरे, तिसरे, पाचवे भाग नेमके कोणासाठी बनतात? आणि ज्यांच्या नावाने बनतात, त्यांच्या वाट्याला पडदा का येत नाही?

पहिला भाग २०१२ च्या दिवाळीत आला होता. आमच्या गावात तो कोणीही टॉकीजमध्ये पाहिलेला नाही, तरी गावातल्या लहानमोठ्या साऱ्यांना तो पाठ आहे. टीव्हीवर पाहून पाठ झाला. धान कापून झाल्यावरच्या निवांत दुपारी, आजारपणात, लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलेलं असताना तो लागायचा आणि कोणीही वाहिनी बदलायचं नाही. त्यातली गंमत आम्हाला समजावून सांगावी लागली नाही. पाहुणा वैरी असला तरी घरात आहे तोवर त्याच्यावर हात उगारायचा नाही, उंबरठा ओलांडला की मग तलवार काढायची. म्हणून तो बिचारा घराबाहेर पाऊलच टाकत नाही. उंबरठा काय असतो, पाहुण्याला पाणी दिल्यावर काय बंधन येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ही कल्पना बस्टर कीटन यांच्या १९२३ च्या मूकपटातून निघाली, राजामौली यांच्या २०१० च्या तेलुगू सिनेमात आली, तिथून हिंदीत आणि हिंदीतून आमच्या ओसरीवर. जवळपास शंभर वर्षं चालत आलेला विनोद आमच्या गावात येऊन आमचा झाला, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

आता सिक्वेलचा धंदा कसा चालतो ते पाहा. नवीन गोष्टीला लोकांची ओळख करून घ्यावी लागते. दुसऱ्या भागाला ती लागत नाही, कारण नायक पडद्यावर आला की शिट्टी वाजते ती जुन्या ओळखीची. सिक्वेलचं खरं भांडवल आठवण आहे. पहिल्या भागाची आठवण तेरा वर्षं कोणी जिवंत ठेवली? मॉलमधला प्रेक्षक एकदा पाहून पुढच्या सिनेमाकडे वळला असेल. तो पुन्हापुन्हा पाहिला तो घरोघरच्या छत्र्यांनी, ज्यात सरकारच्या महिना-भाडं नसलेल्या डीडी फ्री डिशसारख्याही होत्या, चावडीशेजारच्या पानठेल्यावरच्या टीव्हीने, पोरांच्या फोनमधल्या तुकड्यांनी. आम्ही त्यांचे संवाद बोललो, त्यांच्या नकला केल्या, गणपतीत त्यांची गाणी वाजवली. निर्माता जेव्हा ठरवतो की या नावाचा दुसरा भाग चालेल, तेव्हा तो आमच्याही आठवणीवर पैसा लावत असतो. म्हणून मी म्हणतो, या सिनेमांवर आमचा हक्क आहे. तो भीक मागून मिळवायचा हक्क नव्हे, आम्ही त्यात आमचा वाटा आधीच घातलेला आहे.

माझ्या लहानपणी जवळच्या मोठ्या गावात टॉकीज होती. पत्र्याचं छत, लाकडी खुर्च्या, समोर बाकं. सिनेमाच्या धंद्यात गावांची प्रत लावलेली असे. मोठी शहरं ए सेंटर, जिल्ह्याची ठिकाणं बी, आणि आमच्यासारखी सी. फिल्मच्या प्रिंटा महाग, मोजक्याच निघत. त्या आधी ए मध्ये फिरत, मग बी मध्ये, आणि झिजून, चरे पडून, कधी मधलं गाणं कापलं जाऊन महिन्यांनी आमच्याकडे येत. तरी येत. आज प्रिंट नावाची वस्तूच राहिली नाही. सिनेमा उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येतो, नागपूरच्या पडद्यावर आणि खेड्यातल्या पडद्यावर त्याच सकाळी, त्याच स्वच्छ चित्रात लागू शकतो. जी अडचण पन्नास वर्षं सांगितली गेली ती यंत्राने सोडवली, आणि ती सुटेपर्यंत आमची टॉकीज धानाचं गोडाऊन झाली. तिच्या भिंतीवर तिकिटाची खिडकी अजून आहे. तिच्या खालच्या कट्ट्यावर आता हमाल दुपारचा डबा खातात.

धंद्याच्या वहीत आमचा प्रदेश आजही वेगळा मांडला जातो. मध्य प्रांत-वऱ्हाड हे नाव सरकारी कागदांवरून १९५० मध्ये गेलं, विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण हिंदी सिनेमाच्या वितरणात आम्ही अजूनही 'सी.पी.-बेरार', म्हणजे त्याच जुन्या नावाचं इंग्रजी रूप. एकेकाळी अमरावतीच्या वितरकांच्या कचेऱ्यांमधून या पट्ट्याचे व्यवहार होत. नाव उरलं, आकडे उरले, कोणत्या सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या पट्ट्यात, किती गल्ला जमला याच्या याद्या उरल्या. त्या यादीत सी.पी.-बेरारच्या नावापुढे जो आकडा दिसतो त्यात आमचं खेडं जवळपास कुठेच नसतं. मग आकडा लहान दिसतो, आणि लहान आकड्याकडे बोट दाखवून सांगितलं जातं की इथे प्रेक्षक नाही.

ताऱ्यांच्या गर्दीबद्दल मला राग नाही. जत्रेत जितके पाळणे तितकी मजा. पण ही गर्दी पैसा मागते, आणि तो पैसा लवकर वसूल व्हावा म्हणून सारा भार पहिल्या तीन दिवसांवर आणि जास्तीत जास्त पडद्यांवर टाकला जातो. २०१२ मध्ये याच सन ऑफ सरदारच्या वेळी काय झालं ते अनेकांच्या लक्षात असेल. अजय देवगण यांच्या कंपनीने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. ईदला येणारा मोठा सिनेमा हवा असेल तर दिवाळीचाही आमचाच लावा, अशी अट एका मोठ्या निर्मिती संस्थेने एकपडदा टॉकीजवाल्यांना घातली, असं त्यांचं म्हणणं होतं. आयोगाला त्यात चौकशी लावण्यासारखं काही दिसलं नाही. बारा वर्षांनी, १ नोव्हेंबर २०२४ ला, सिंघम अगेन आणि भूल भुलैया ३ हे दोन सिक्वेल एकाच दिवशी आले आणि पुन्हा पडद्यांच्या वाटणीवरून तीच ओढाताण. या साऱ्या भांडणांत ज्याला आवाज नव्हता तो एकच माणूस, एकपडदा टॉकीजचा मालक. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवलं जातं तसा तो तुडवला गेला.

जून २०२५ मध्ये हाऊसफुल ५ आला, एकाच सिनेमाचे दोन शेवट घेऊन. एका प्रतीत खुनी एक, दुसरीत दुसरा. कल्पना गमतीची आहे, मी नाकारत नाही. पण ती सुचली ती जिथे एका छताखाली पाच-सहा पडदे असतात त्या जगात. तिथला प्रेक्षक एक पाहून दुसऱ्यासाठी पुन्हा तिकीट काढेल हा हिशोब आहे. ज्या बाईला एक सिनेमा पाहण्यासाठी दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि घरच्यांची परवानगी अशा तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात, तिचा विचार या हिशोबात कुठून येणार? माझ्या मोठ्या वहिनीने टॉकीजमध्ये शेवटचा सिनेमा पाहिला त्याला पंचवीस वर्षं झाली. तिला आवड नाही असं समजू नका. धाकट्या जावेबरोबर मोबाईलवर विनोदी तुकडे पाहताना ती पदर तोंडाला लावून हसते.

खेड्यातल्या लोकांना तिकीट काढून करमणूक परवडत नाही, त्यांना सवयच नाही, असं जे सांगतात त्यांनी भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत यावं. मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या रात्री गावोगाव नाटक असतं. वडशात नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या ओळीने उभ्या आहेत. गावचं मंडळ तिथे जातं, पोस्टर पाहतं, नट-नट्यांची नावं विचारतं, घासाघीस करतं, नाटक ठरवतं. मंडप गावाचा, तिकिटं गावाची, नफा झाला तर तो देवळाच्या किंवा शाळेच्या कामाला, तोटा झाला तर मंडळाच्या डोक्यावर. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत होळीपर्यंत हे चालतं. पोस्टरवर ताऱ्यांची नावं मोठ्या अक्षरात, कधी मुंबई-पुण्याचा नटही बोलावलेला. मारामारी आहे, रडणं आहे, गाणं-नाच आहे, आणि विनोदी पात्राशिवाय तर नाटक उभंच राहत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. पाच हजारांच्या वर प्रयोग आणि आठशे भूमिका. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. म्हणजे ताऱ्यांची गर्दी, मारधाड आणि हसू हा मसाला आम्हाला मुंबईने शिकवलेला नाही.

पण मुंबईला आमच्याकडून शिकता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली वेळ. हाऊसफुल ५ आला ६ जूनला, मृग लागायच्या तोंडावर, जेव्हा घरातला शेवटचा रुपया बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. सन ऑफ सरदार २ आला रोवणीत. दिवाळीचे मोठे सिनेमे येतात तेव्हा धान अजून कापायचा असतो. आमच्या हातात पैसा आणि सवड येते डिसेंबर-जानेवारीत, धान विकल्यावर. झाडीपट्टीचं नाटक या पंचांगावर उभं आहे, म्हणून ते टिकलं. दुसरी गोष्ट, रात्र. आमचं नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू होऊन पहाटे संपतं. बायका पोरांना घेऊन, चादरी-घोंगड्या घेऊन येतात, आणि दिवस उगवल्यावर घरी जातात. वाघाच्या मुलखात अर्ध्या रात्री रस्त्यावर निघण्यापेक्षा रात्रभर मंडपात बसणं शहाणपणाचं, हे आमच्या वाडवडिलांना कळलं होतं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सुशिक्षित मित्रांचा. ज्या विदर्भात शेतकरी जीव देतो तिथे तुम्ही विनोदी मारधाडीचा सिनेमा मागता, आणि तोही इतका उथळ? हा प्रश्न मला बोचतो, कारण माझ्याही भावकीत एक घर असं उघडं पडलेलं आहे. पण त्या घरातल्या पोराला मी मंडईच्या नाटकात दोन वर्षांनी पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं, आणि त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. दुःखाच्या मुलखात हसू ही चैन आहे असं मानणारा माणूस दुःखात राहिलेला नसतो. गाडगेबाबा याच मातीतले. कीर्तनात ते वऱ्हाडीत सवाल टाकत, लोकांना हसवत, आणि हसता हसता कर्ज, दारू, नवसाचे बकरे यांवर आणून सोडत. हसणाऱ्या माणसाच्या मनाचं दार उघडं असतं हे त्यांना ठाऊक होतं. उथळ सिनेमा मला उथळच वाटतो. दुसऱ्या भागात उंबरठ्यासारखी एकही पक्की कल्पना नाही, सोंगं पुष्कळ आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण चांगलं-वाईट ठरवण्याची संधी आधी प्रेक्षकाला मिळाली पाहिजे. गावाने एकत्र बसून पाहिलेला वाईट सिनेमाही गावाला बोलायला विषय देतो. आणि आमची बोली बोलणारा गडी वा मोलकरीण हा नुसता हसण्याचा विषय करून ठेवणाऱ्या लेखकाला आमच्या शांत मंडपात बसून तो विनोद पडताना ऐकावा लागला, तर पुढच्या वेळी तो वेगळं लिहील.

दुसरा आक्षेप फोनचा. सगळ्यांच्या हातात पडदा आहेच. हिंदी सिनेमा टॉकीजनंतर आठ आठवड्यांनी फोनवर येतो, थांबा की. थांबायला आमची ना नाही, आम्ही प्रिंटेची वाट महिनोन्महिने पाहिलेली माणसं आहोत. पण दुःखाची गोष्ट एकट्याने पाहता येते, तशी विनोदाची येत नाही. कानात इअरफोनचं बोंड घालून पडवीत एकटा हसणारा पोरगा आणि सातशे माणसांच्या लाटेबरोबर हसणारा पोरगा, यांच्या हसण्यात फरक आहे. माझा भाचा नागपुरात त्या गार खोलीत, अनोळखी माणसांत बसून जे म्हणाला ते हेच.

मागणं फार मोठं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. शंभराच्या वरचा अठराच राहिला. सरकारने स्वस्त तिकिटाला सवलत दिली हे चांगलं झालं. पण शंभराच्या आतलं तिकीट विकणारी खिडकी खेड्याच्या आसपास उरली आहे कुठे? सवलत कागदावर आहे, तिला भिंती हव्यात. आणि भिंती नव्याने बांधाव्या लागतील असंही नाही. तालुक्या-तालुक्याला सांस्कृतिक भवनं, सभागृहं बांधून ठेवली आहेत, त्यांतली कितीतरी लग्न आणि पुढाऱ्यांच्या सभा सोडल्या तर कुलपात असतात. तिथे दीडशे खुर्च्या, एक चांगला प्रोजेक्टर, धड आवाज आणि बायकांसाठी स्वच्छ संडास एवढं झालं तरी पुरे. केरळ सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाची स्थापना १९७५ ची. ते महामंडळ स्वतःची टॉकीज चालवतं, आणि ती नुसती तिरुवनंतपुरमात नाहीत, चित्तूर आणि चेर्थलासारख्या लहान गावांतही आहेत. महाराष्ट्राचंही महामंडळ आहे, गोरेगावची चित्रनगरी ते सांभाळतं, आणि विदर्भासाठी रामटेकजवळ चित्रनगरीची घोषणा झालेली आहे. ती होवो, आमच्या पोरांना तिथे काम मिळो. पण सिनेमा बनवायला जागा देणाऱ्या सरकारने तो पाहायला जागा देण्याचंही मनावर घेतलं पाहिजे. गाईला गोठा बांधला आणि दूध पाहुण्याच्या घरी गेलं, असं होऊ नये.

एसटीचीही गोष्ट यात येते. दुपारचा खेळ सुटल्यावर गावाकडे जाणारी एक गाडी, एवढं जमलं तर माझी वहिनी येईल. गाडी नसेल तर नुसता पडदा लावून बायकांची खुर्ची रिकामीच राहणार.

निर्मात्यांना एकच सांगणं. हल्ली शहरांतून जुने सिनेमे पुन्हा टॉकीजमध्ये लावण्याची चाल पडली आहे, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे सिनेमे पुन्हा येतात आणि चालतात. मग जून-ऑगस्टमध्ये शहरात येऊन गेलेला दुसरा भाग जानेवारीत, नाटकांच्या दिवसांत, शंभराच्या आतल्या तिकिटात आमच्याकडे पुन्हा का लावू नये? तोवर तो फोनवर येऊन गेलेला असेल, हे खरं. तरी लोक येतील. झाडीपट्टीत गाजलेलं नाटक दरवर्षी नव्या गावात लागतं, आणि शेजारच्या गावात पाहिलेली माणसंच पुढे जाऊन बसतात, पुढचा संवाद आधी म्हणून दाखवतात.

दिवाळीच्या आधी गावात नाटक ठरवायची बैठक झाली. त्यात भाच्याने उठून विचारलं, नाटकाच्या आदल्या रात्री त्याच मंडपात पडदा लावून सिनेमा दाखवता येईल का. पोरं खूश झाली. मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंडप आपला हाये, माणसं आपली हायेत. पन पिच्चर देईन कोन, बापू? चोरून नाई लावाचा आपल्याले." कोणाकडे रीतसर परवानगी मागायची, कोणत्या वितरकाला फोन करायचा, किती पैसे भरायचे, हे बैठकीत कोणालाच सांगता आलं नाही. शेवटी दोन अर्ज लिहायचे ठरले. एक तालुक्याचं सभागृह महिन्यातून दोन रविवार उघडून मिळावं म्हणून, दुसरा आगारात गाडीसाठी. दोन्ही अर्जांवर एकशे बारा सह्या झाल्या, त्यांतल्या सत्तेचाळीस बायकांच्या, आणि पहिली सही वहिनीची.